बाइकवरची पँट बसून निवडायची

हेल्मेट झालं, जॅकेट झालं, ग्लोव्ह्ज झाले की बहुतेकांची खरेदी संपते. खाली रोजची जीन्स. मला हे बघवत नाही. बाइक आडवी होते ती पायावर. घसरताना गुडघा आणि कुल्ल्याच्या बाजूचं हाड रस्त्याला घासत जातं. समोरून गाडी आली तर तिचा बंपर नेमका पायाच्या उंचीला असतो. फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि स्पेन या पाच देशांत १९९९-२००० च्या सुमारास ९२१ दुचाकी अपघातांचा बारकाईने अभ्यास झाला. ‘मेड्स’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात नोंदवलेल्या दुखापतींपैकी जवळपास एक तृतीयांश पायांच्या होत्या, डोक्याच्या त्याहून कमी. डोक्याला लागलं तर जिवावर बेततं, त्यामुळे हेल्मेट पहिलं यात वादच नाही. पण पायाची दुखापत माणसाला महिनोन्महिने जागेवर बसवते आणि गुडघा एकदा दुखावला की पुढे जिना चढतानाही आठवण करून देतो.

मी कपडे शिवते. माप घेणं, पॅटर्न काढणं, कापणं, शिवणं हे माझं रोजचं काम, आणि बाइकही रोजचीच. त्यामुळे रायडिंग पँट हातात आली की मी आधी ती उलटी करते. ओळखीतले बरेच जण पँट घेण्याआधी मला विचारतात आणि त्यांचा पहिला प्रश्न नेहमी कापडाचा असतो: केव्हलार घेऊ की कॉर्ड्युरा, लेदर घेऊ की डेनिम? कापडाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी सांगणारही आहे. पण कापडाची परीक्षा प्रयोगशाळेत होऊन गेलेली असते. ती पँट तुमच्या गुडघ्यावर कशी बसते, ही परीक्षा तुमच्याशिवाय कोणीच घेऊ शकत नाही. आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

म्हणून गुडघ्यापासून सुरुवात करते.

ट्रायल रूममध्ये आपण उभं राहून आरशात बघतो. उभं असताना पँटच्या आतल्या खिशातलं, आपटण्याचा धक्का झेलणारं पॅड गुडघ्याच्या वाटीवर बरोबर बसलेलं दिसतं आणि आपण खूश होतो. आता गुडघा वाकवा. पाय वाकला की मांडीपासून नडगीपर्यंतच्या पुढच्या बाजूचं अंतर वाढतं. ते भरून काढायला कापड लागतं, आणि कमरेकडून ते येत नाही, कारण तिथे पट्टा घट्ट आहे आणि खाली तुम्ही बसलेले आहात. मग ते खालून वर ओढलं जातं. पँटचा काठ घोट्यावरून वर सरकतो तो याच कारणाने, आणि त्याच्याबरोबर पॅडही वर चढतं. उभं असताना वाटीवर बरोबर मध्यभागी असलेलं पॅड बसल्यावर मांडीच्या टोकावर जाऊन बसतं आणि वाटीखालचं हाड उघडं पडतं. तुम्ही पडणार ते बाइकवर बसलेल्या अवस्थेतून, गुडघे वाकलेले असताना. त्यामुळे उभं असताना पॅड वाटीच्या किंचित खाली वाटत असेल तर ती पँट नापसंत करू नका, बसून बघा. बहुधा तीच बरोबर निघते.

दुसरी हालचाल आडवी असते. बाइकवर मांड्या फाकलेल्या असतात. साध्या सरळ कटाची पँट अशा वेळी पायाभोवती फिरते आणि पॅड बाहेरच्या अंगाला जातं. चांगल्या रायडिंग पँटचा गुडघा मुळातच वाकवून कापलेला असतो: पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना डार्ट किंवा चुण्या, नाहीतर वाटीच्या वर ताणणाऱ्या कापडाची पट्टी. पँट जमिनीवर सपाट पसरली तर तिचे पाय थोडे वाकलेले दिसायला हवेत. पूर्ण सरळ, इस्त्री केलेल्या फॉर्मल पँटसारखे पाय दिसले तर मी तिथेच सावध होते.

तपासायचं कसं? शक्य असेल तर पँट घालून स्वतःच्या बाइकवर बसा, पाय फुटपेगवर ठेवा. ते जमत नसेल तर खुर्ची उलटी फिरवून तिच्या पाठीला तोंड करून, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. मग सोबतच्या माणसाला तळहाताने पॅड जोरात ढकलायला सांगा, आधी बाजूला, मग वर. थोडंफार हलणारच. पण वाटीची कड बोटाला लागायला लागली तर ते पॅड पडताना जागेवर राहणार नाही. पाय पुढे टाकून बसायच्या क्रूझरवर गुडघा कमी वाकतो आणि स्पोर्ट बाइकवर फार, त्यामुळे मित्राला छान बसलेली पँट तुम्हाला तशीच बसेल असं धरून चालू नका.

माझा धाकटा भाऊ उंच आहे आणि पाय काटकुळे. त्याच्यासमोर दोन पँट होत्या. एक जाडजूड टूरिंगची, सगळ्यात वरच्या सुरक्षा-वर्गाची. दुसरी एका थराची, ताणणारी, तिच्याहून एक पायरी खाली. तो पहिलीवर अडून बसला होता. “ताई, पण हिच्यावर तीन ए आहेत!” मी त्याला खुर्चीवर उलटं बसवलं आणि दोन बोटांनी गुडघ्याचं पॅड फिरवलं. ते सरळ पोटरीच्या बाजूला गेलं. त्या पँटच्या गुडघ्याचा घेर त्याच्या पायाच्या मानाने कितीतरी जास्त होता. दुसऱ्या पँटचं पॅड मी ढकलूनही वाटी सोडेना. मी त्याला दुसरी घ्यायला लावली आणि आजही तोच सल्ला देईन. मोठ्या वर्गाची ढगळ पँट आणि एक पायरी खालची अंगाबरोबर बसणारी पँट यांत निवडायचं असेल, तर मी बसणारी घेते.

आता ते तीन ए म्हणजे काय, ते बघू. मोटरसायकलस्वारांच्या कपड्यांसाठी युरोपचं ईएन १७०९२ हे मानक २०२० मध्ये आलं आणि आज बहुतेक चांगले उत्पादक त्याप्रमाणे कपडे तपासून घेतात. त्यात एएए, एए आणि ए असे वर्ग आहेत. कपड्याचे धोक्याप्रमाणे तीन झोन पाडतात. गुडघा आणि कुल्ल्याची बाजू झोन १ मध्ये येते, कारण घासण्याचा पहिला मारा तिथे बसतो. कापडाचे तुकडे यंत्राच्या फिरत्या हातांना बांधून ठरलेल्या वेगाने काँक्रीटवर सोडतात आणि थांबेपर्यंत भोक पडतं का ते बघतात. झोन १ साठी हा वेग एएए वर्गात ताशी १२० किलोमीटर, एए वर्गात ७० आणि ए वर्गात ४५ इतका धरलेला आहे. एएए पँट घातली म्हणजे १२० च्या वेगाने पडलं तरी काही होत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. रस्त्यावर खड्डे असतात, दगड असतात, समोर दुभाजक असतो. हे आकडे एका पँटची दुसरीशी तुलना करायला आहेत. आणि तुलनेतला फरक मोठा आहे: ए वर्गाच्या पँटची गुडघ्यावर जितक्या वेगाला परीक्षा होते, तितक्या वेगाला एएए पँटच्या सगळ्यात कमी धोक्याच्या झोनची होते.

बी आणि सी असे आणखी दोन वर्ग आहेत आणि त्यांच्याबाबत गैरसमज फार. बी म्हणजे घासण्यापासून वाचवणारं कापड, पण पॅड नाहीत. सी म्हणजे उलट, पॅड धरून ठेवणारी जाळीदार लेगिंगसारखी गोष्ट, जिच्या कापडाकडून घासण्यापासून बचावाची अपेक्षाच नाही. सी वर्गाचे कपडे दुसऱ्या मजबूत पँटच्या आत घालायचे असतात. नुसते ते घालून वर सैल ट्रॅक पँट चढवणारे लोक मी बघते तेव्हा मला काळजी वाटते.

लेबल वाचताना एक गोष्ट नीट बघा. पँटच्या आत कमरेजवळ शिवलेली पट्टी असते. तिच्यावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, ईएन १७०९२ आणि वर्गाचं अक्षर असायला हवं. पुष्कळदा बाहेर लटकवलेल्या रंगीत कार्डावर मोठ्या अक्षरांत सीई, म्हणजे युरोपच्या मानकांची खूण, असतं आणि ते असतं फक्त आतल्या पॅडचं. पँटच्या कापडाची कोणतीच चाचणी झालेली नसते. पॅड उत्तम आणि कापड साध्या जीन्सचं, अशी पँट घसरताना आधी फाटते, मग पॅड त्या भोकातून बाहेर येतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अपघातात सापडलेल्या स्वारांचे कपडे तपासले होते. मोटरसायकलसाठी म्हणूनच बनवलेल्या पँटपैकीही २८ टक्के अपघातात निकामी झालेल्या आढळल्या. तेव्हा आजचं मानक नव्हतं. आता ते आहे, तर कमरेच्या आतली पट्टी वाचायचे दोन मिनिटांचे कष्ट घ्यायलाच हवेत.

पॅडचं मानक वेगळं, ईएन १६२१-१. पाच किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून पडल्यावर जेवढी ऊर्जा होते, म्हणजे ५० ज्यूल, तेवढा घाव पॅडवर घालतात आणि खाली किती जोर पोचतो ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर लेव्हल १, २० पर्यंत असेल तर लेव्हल २. फरक जवळपास निम्म्याचा आहे, म्हणून गुडघ्याला मी लेव्हल २ शिवाय दुसरं काही वापरत नाही. पॅड खिशातून काढून त्याच्यावरचं कोरीव लिखाण वाचा. के म्हणजे गुडघा, एच म्हणजे कुल्ला, एल म्हणजे नडगी. ए आणि बी हे इथे पॅडचे आकार, पँटचे वर्ग नव्हेत, त्यात ए लहान. के आणि एल दोन्ही लिहिलेलं लांब पॅड मिळालं तर ते घ्या, वाटीच्या खालचं हाड त्याने झाकलं जातं. हल्ली जी मऊ पॅड येतात ती एरवी लवचीक असतात आणि घाव बसताच कडक होतात. ती अंगाच्या उबेने गुडघ्याचा आकार घेतात म्हणून मला आवडतात. मात्र कडक थंडीत ती ताठरतात. पॅडवर टी आणि त्यापुढे उणे चिन्ह असेल तर ते उणे १० अंशाला, आणि अधिक चिन्ह असेल तर ४० अंशाला तपासलेलं असतं.

कुल्ल्याच्या पॅडकडे सगळे दुर्लक्ष करतात. एए आणि एएए वर्गांत ते असावंच लागतं, ए वर्गात फक्त गुडघ्याचं असलं तरी चालतं. बऱ्याच जीन्समध्ये कुल्ल्याला नुसता रिकामा खिसा असतो आणि लोक तो तसाच ठेवतात, कारण पॅड घातलं की कंबर रुंद दिसते. बायकांच्या पँटमध्ये तर हे नेहमीचं. शिवणारी म्हणून सांगते, बायकांच्या कटात कुल्ल्याचा खिसा बरेचदा खूप वर, कमरेच्या हाडाजवळ दिलेला असतो. पडताना जमिनीवर आपटतं ते त्याच्या बरंच खालचं हाड, मांडी जिथे सुरू होते तिथलं. बाजूने हात फिरवून ते हाड शोधा आणि पॅडचा मध्य त्याच्यावर येतो का बघा.

आता शिवणीबद्दल, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. कापड कितीही दणकट असलं तरी टाका सुटला की पँट उघडी पडते. ईएन १७०९२ मध्ये शिवणीची ताकद आणि फाटण्याला होणारा विरोध यांची वेगळी परीक्षा असते ती याचसाठी. पँट उलटी करा. मांडीच्या आतल्या आणि बाहेरच्या शिवणीवर किमान दोन, चांगल्या पँटला तीन समांतर टिपा दिसायला हव्यात. त्यातली एक टीप आत दडलेली असेल तर फारच उत्तम, कारण बाहेरचे दोरे रस्त्यावर घासून गेले तरी ती शाबूत राहते. दोन्ही हातांत शिवण धरून आडवी ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला की मी ती पँट परत ठेवते. सीटच्या मध्यावर, जिथे चार शिवणी एकत्र येतात, तिथे वेगळा चौकोनी तुकडा जोडलेला असेल तर ताण विभागला जातो आणि बसायलाही बरं पडतं.

पँट अंगाला सैल झाली म्हणून बाजूंनी आवळून घ्यायचा मोह होतो. कृपा करून ते करू नका. मांडीची मुख्य शिवण उसवून साध्या दोऱ्याने पुन्हा शिवली की तिची मूळची ताकद गेली, आणि पॅडचा खिसाही जागेवरून हलतो. उंची खालून कमी करायला हरकत नाही, पण तीही बसून, बूट घालून माप घेतल्यावरच. पाय वाकल्यावर काठ बुटाच्या वर गेला तर घोटा उघडा पडतो. म्हणून उभं असताना पँट थोडी लांब, बुटावर दुमडलेली दिसली तरी ती तशीच ठेवा. पॅडचा खिसा मात्र आतल्या अस्तराला शिवलेला असेल तर बोटभर वर-खाली करून घेता येतो, त्या शिवणीवर ताण येत नाही. अनेक पँटमध्ये खिशाच्या आत वेल्क्रो असतो आणि शिवणकाम न करताच पॅडची उंची बदलता येते. लोकांना ते माहीतच नसतं.

कापडाचं थोडक्यात सांगते. साधी सुती डेनिम घर्षणाच्या चाचणीत सेकंदभरसुद्धा मुश्किलीने टिकते, आणि ताशी ५० किलोमीटरने चाललेला माणूस एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जातो. लेदर घासण्याला आजही उत्तम, साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचं गायीचं चामडं असेल तर डोळे झाकून विश्वास ठेवावा असं. पण उकाड्यात आणि पावसात त्याचे हाल. कॉर्ड्युरासारखं जाड नायलॉन रोजच्या वापराला, पावसापाण्याला सोयीचं. अ‍ॅरामिड, ज्यातलं केव्हलार सगळ्यांना ठाऊक असतं, ते वितळत नाही. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचे धागे, म्हणजे डायनीमासारखे, फार चिवट आणि हलके असतात, पण १५० अंशांच्या आसपास वितळतात. म्हणून अशा पँटला गरम इस्त्री लावायची नाही आणि सायलेन्सरला टेकू द्यायची नाही. ‘केव्हलारची पँट’ म्हणून विकलेल्या जीन्समध्ये पुष्कळदा तो थर फक्त गुडघ्याला आणि सीटला तुकड्यांत शिवलेला असतो, कुल्ल्याची बाजू मोकळीच. उलटी करून बघितलं की पिवळसर तुकडा कुठे संपतो ते लगेच दिसतं. बाइकवर पातळ पॉलिस्टरच्या लेगिंग्ज आणि ट्रॅक पँट तर नकोतच, घर्षणाने तापून ते कापड कातडीला चिकटतं आणि जखम साफ करणाऱ्या डॉक्टरांचंही काम अवघड होतं.

उकाड्याचं कारण सगळे सांगतात आणि ते खोटं नाही. सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिनाची धग मांडीला लागते, अस्तर घामाने चिकटतं, आणि जी पँट घालवत नाही ती कपाटात राहते. कपाटातल्या पँटवर किती ए आहेत त्याने काय फरक पडतो? म्हणून तुमचं बाइक चालवणं बघा. रोज कामावर जायचं असेल तर एका थराची ए किंवा एए वर्गाची पँट, नाहीतर ऑफिसच्या पँटवरून चढवायची, बाजूने पूर्ण चेन उघडणारी ओव्हरपँट. दूरच्या वेगवान प्रवासाला एए किंवा एएए. जाळीची पँट घ्यायची तर जाळी मांडीच्या वर आणि पोटरीला असावी, गुडघ्याला आणि कुल्ल्याला नाही. पावसासाठी आतून लावायच्या अस्तरापेक्षा वरून घालायची पातळ रेन पँट मला बरी वाटते. पाऊस आल्यावर रस्त्याच्या कडेला पँट उतरवून आत अस्तर कोण जोडणार? बाहेरून बांधायचे नी-गार्ड हासुद्धा एक मार्ग आहे, पण त्यांचे पट्टे घट्ट, वाटीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असावेत, आणि ते कापडाची जागा घेत नाहीत हे ध्यानात ठेवावं.

जॅकेट आणि पँट जोडणारी चेन असेल तर लावा. घसरताना जॅकेट वर सरकतं आणि पाठीचा खालचा भाग सोलून निघतो. छोट्या, फक्त मागच्या चेनपेक्षा कमरेभोवती पूर्ण फिरणारी चांगली.

धुताना पॅड काढून ठेवा. अ‍ॅरामिडला ब्लीच आणि कडक ऊन दोन्ही सोसत नाही, म्हणून पँट उलटी करून सावलीत वाळवा. पॅड परत घालताना डावं-उजवं आणि वरची बाजू बघून घाला, बाक गुडघ्याकडे. आणि एकदा पडलात की बाहेरून धड दिसणारी पँटही उलटी करून नीट तपासा. गुडघ्याजवळ कापड चकाकतंय का, आतले धागे विस्कटलेत का, एखादी टीप सैल झाली आहे का. कडक फोमच्या पॅडला भेग किंवा दबलेली खूण दिसली तर ते टाकून द्या. पॅड सुटी मिळतात, पँट चांगली असेल तर तेवढीच बदलता येतात.